फारशी न चालवलेली स्पोर्ट्स कार: ठेवावी की विकावी?

पन्हाळकन्या

नमस्कार मंडळी. घरात या विषयावर बोलून झालंय, आता तुमचं मत हवंय.

माझ्याकडे २०११ ची बीएमडब्ल्यू झेड४ आहे. दोन सीटची, टप उघडणारी, तीन लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना. लग्नाआधी स्वतःच्या कमाईतून सेकंड हँड घेतली. पुण्यातले एक डॉक्टर मूळ मालक होते आणि त्यांनी ती फार जपली होती. सुरुवातीची वर्षं मी ती मनसोक्त चालवली. पहाटे निघून गगनबावडा, कधी राधानगरी-दाजीपूर, कधी आजऱ्यावरून आंबोली. टप उघडा ठेवून दाजीपूरच्या झाडीतून जाताना ओल्या मातीचा वास थेट गाडीत येतो. ते सुख मला दुसऱ्या कुठल्याही गाडीत मिळालेलं नाही.

आता मुलगी पाच वर्षांची आहे. आम्ही तिघं त्या गाडीत मावत नाही. माझं युनिट इचलकरंजीला, रोजचा प्रवास दुसऱ्या गाडीने. पावसाळ्यात ती बाहेर निघतच नाही, उरलेल्या महिन्यांत रविवारी काही ना काही असतंच. वर्षाकाठी काहीशे किलोमीटर होतात, तेही बॅटरी उतरू नये म्हणून मारलेल्या चकरा. विमा, सर्व्हिस, टायर हे मात्र चुकत नाही.

मार्चमध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतात, म्हणजे रि-पासिंग, नोंदणीचं नूतनीकरण. पुण्याच्या एका गृहस्थांनी घ्यायची तयारी दाखवली आहे. नवरा म्हणतो, गाडी तुझी, निर्णय तुझा. पैशांची निकड नाही. मग विकावी का? अशा वळणावर तुम्ही काय केलंत?

रानवाटा_पुणे

विकू नका! परत अशी गाडी घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील. परदेशात बनून आलेल्या गाडीवर आयातशुल्क जबर, वर महाराष्ट्रात आयात गाडीला रस्ता कर २० टक्के. एकरकमी कराची कमाल मर्यादाही २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख झाली. आत्ता विकून येतील ते पैसे आणि तशीच नवी गाडी, यांची गाठ पडणार नाही.

शेवंता७२

फोटो टाका ना ताई. रंग कोणता?

पन्हाळकन्या

@शेवंता७२, गडद निळा. आत फिकट तपकिरी लेदर. फोटो रविवारी टाकते.

मिस्त्रीभाऊ

ताई, माझं सांगलीत गॅरेज आहे. ठेवायची का विकायची हे तुम्ही ठरवा, पण ती सध्या कशी उभी आहे ते आधी बघूया. कारण गाडी चालवून जेवढी झिजत नाही, त्याहून जास्त उभी राहून खराब होते.

बॅटरीसाठी मारलेली चक्कर कितीची असते? गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येत असाल तर त्यापेक्षा चालू न केलेली बरी. इंजिनात पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. ऑईल पुरतं तापलं नाही तर ती वाफ आतच थंड होऊन ऑईलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचते. ऑईल चांगलं तापल्यावरही पुढे पंधरा-वीस किलोमीटर गाडी रस्त्यावर चालली पाहिजे. नुसती जागेवर घुरघुर करत ठेवून ते साधत नाही. बॅटरीसाठी ट्रिकल चार्जर, म्हणजे हळूहळू चार्ज करत राहणारा, मिळतो, तो लावून ठेवा म्हणजे त्या चकरांची गरजच संपली.

दुसरं पेट्रोल. आता पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी रोज फिरत असेल तर टाकी रिकामी होऊन नवीन पेट्रोल येतं, काही बिघडत नाही. चार-सहा महिने तेच पेट्रोल टाकीत राहिलं आणि त्यात पाणी जास्त झालं, तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतं. पंप तळातूनच ओढतो. शिवाय २०११ च्या गाडीचे पाइप आणि सील ई२० डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले नाहीत. ते एकदा उघडून बघावेत.

तिसरं टायर. टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असतील तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी नवीकोरी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. मागच्या चाकांना ताकद असलेली गाडी, ओला घाट आणि कडक रबर हे तिन्ही एकत्र आले की विषय गंभीर होतो.

आणि उंदीर. बॉनेट उघडून वायरिंग बघा, एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. उभी गाडी म्हणजे त्यांना आयतं घर.

अंजली_ठाणे

मिस्त्रीभाऊंचा प्रतिसाद सेव्ह केला. आमची गाडी साधी हॅचबॅक, पण आठवडेच्या आठवडे सोसायटीत उभी असते, तिलाही हे सगळं लागू आहे.

पन्हाळकन्या

@मिस्त्रीभाऊ, खूप आभार. आत्ताच खाली जाऊन टायर बघून आले. मागचे दोन ३४१७. म्हणजे २०१७ चे.

मिस्त्रीभाऊ

मग ते बदलल्याशिवाय घाटात नेऊ नका. ही विनंती समजा. त्या गाडीला स्टेपनी नसते, मुळात रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) येतात, ते महाग पडतात. पण गाडी ठेवायची असली तरी हा खर्च आहे, आणि विकायची असली तरी घेणारा तेवढे पैसे किमतीतून वजा करणारच.

हिशेबनीस

भावनांचं इतर लोक बघतीलच, मी आकडे लिहितो.

ठेवायची झाल्यास: दीड हजार सीसीच्या वरच्या खासगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच ७,८९७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा-किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, त्यामुळे कंपनीने टाकलेला आकडा निमूट मान्य करू नका, बोला. कमी चालणाऱ्या गाडीसाठी किलोमीटरच्या हिशेबाने हप्ता घेणाऱ्या योजनांना २०२२ मध्ये परवानगी मिळाली आहे, तीही विचारून बघा. रि-पासिंगची फी आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० रुपये (देशी गाडीला ५,०००). शिवाय हरित कर. पुढची मुदत पाच वर्षांची. आणि हे लक्षात ठेवा की ऑगस्ट २०२५ च्या नियमाप्रमाणे वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीला ही फी ८०,००० झाली आहे. म्हणजे २०३१ मध्ये हाच प्रश्न दुप्पट फी घेऊन परत येईल.

विकायची झाल्यास: गाडी तुमच्या वैयक्तिक नावावर आणि वैयक्तिक वापराची असेल, तर ती आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नाही. नफा झाला तरी कर नाही, तोटा झाला तरी वजावट नाही. जुन्या गाड्यांवरच्या १८ टक्के जीएसटीची चर्चा ऐकली असेल, ती नोंदणीकृत व्यावसायिकांच्या नफ्यावर आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला विकली तर तो लागत नाही. गाडी युनिटच्या नावावर असेल तर हिशेब बदलतो.

पन्हाळकन्या

माझ्याच नावावर आहे. पहिल्या दिवसापासून.

गोंयचो_दर्यावर्दी

रानवाटांना अनुमोदन, विकू नका. स्पोर्ट्स कार म्हटलं की मला आमच्या गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते. १९९८ च्या सुमाराची दोन सीटची गाडी, फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. ताकद जेमतेम ६० अश्वशक्तीची, पण टप काढून मिरामारच्या रस्त्याने निघाली की सगळे वळून बघत. आज ती दिसतच नाही. ज्यांच्याकडे होती त्यांनी वेळेवर सांभाळली असती तर केवढा ठेवा असता!

रानवाटा_पुणे

सॅन स्टॉर्म! लहानपणी डेक्कनला एक लाल रंगाची बघितल्याचं आठवतंय. तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर कॉलेजात आमचे वाद व्हायचे.

गोंयचो_दर्यावर्दी

म्हणायचंच. वजन कमी, दोन सीट, उघडा टप. किती अश्वशक्ती यावर स्पोर्ट्स कार ठरत नाही.

आबा_वाईकर

ठेव्याचा विषय निघाला म्हणून. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी अशीच गेली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही, कारण टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदलेली. माझ्या थोरल्या भावाने उमेदीची सगळी वर्षं तिच्यावर काढली. गिअर स्टिअरिंगजवळ, पुढे तिघे बसायचे. कोणी ती जपून ठेवली असेल तर त्याला माझा नमस्कार.

मूळ प्रश्नाकडे येतो. मुली, माझं वय पंचाहत्तर आहे. गाडी ही वापरायची वस्तू आहे. तू लिहिलंयस की पैशांची निकड नाही. मग घाई कसली? पसरणी घाटात ये एकदा, आमच्याकडे जेवायला थांब.

पन्हाळकन्या

आबा, नक्की येते. :)

अंजली_ठाणे

मला वेगळं वाटतं. सगळे "विकू नका" म्हणतायत, पण वर्षातून काहीशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीची काळजी करत बसणं हेही एक कामच आहे. चार्जर लावा, टायर बदला, उंदीर बघा, विमा बघा. ज्या बाईचं युनिट आहे, पाच वर्षांची मुलगी आहे, तिच्या डोक्यावर आणखी एक काम कशाला? आणि घरात अशी कामं शेवटी कोणाच्या वाट्याला येतात, ते इथल्या बायकांना सांगायला नको.

शेवंता७२

अंजली, +१. पण ही गाडी तिची आहे गं. त्या घरातली कदाचित हीच एक वस्तू फक्त तिची असेल. ती विकायला मी तरी सांगणार नाही.

अंजली_ठाणे

हेही पटतं. म्हणूनच अवघड आहे.

एडिसनचा_बंड्या

न्यू जर्सीतून लिहितोय. माझ्याकडे माझदा मियाटा आहे, पहिल्या पिढीची, म्हणजे १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये आली ती. वजन हजार किलोच्या आत, हाताने टाकायचे गिअर, हाताने उघडायचा टप. २०१६ मध्ये माझदाने दहा लाखावी बनवली. इथे पंचवीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक पाटी मिळते, विमाही स्वस्त पडतो, आणि किंमत आधीच ठरवून घेता येते.

थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून हिवाळाभर माझी गाडी उभीच असते. टाकी पूर्ण भरून त्यात स्टॅबिलायझर घालतो, बॅटरीला चार्जर लावतो, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवतो. वसंतात काढली की पहिल्या किल्लीला चालू होते. म्हणजे उभी ठेवणं हा प्रश्न नाही, उभी कशी ठेवता हा आहे.

मात्र एक फरक सांगितला पाहिजे. माझी गाडी साधी आहे. पान्हा घेऊन बसलो तर बरंचसं काम घरी होतं, सुटे भाग टपालाने येतात. तुमच्या गाडीचा टप म्हणजे हायड्रॉलिक पंप, मोटर, सेन्सर असा मोठा पसारा. वय वाढेल तसा तो खर्चिक होणार. कोल्हापुरात तो उघडून नीट जोडणारा कोणी आहे का?

पन्हाळकन्या

नाही. पुणे किंवा मुंबई. गेल्या वेळी ट्रकवर चढवून पाठवली होती.

मी_नवखा

मुलीला पुढच्या सीटवर बसवून नेता येणार नाही का? दोघी मायलेकी मस्त फिराल.

पन्हाळकन्या

@मी_नवखा, मलाही कितीदा वाटलं. पण लहान मुलांची जागा मागच्या सीटवर, आणि इथे मागची सीटच नाही. पुढे बसवायचं तर एअरबॅगचा प्रश्न. ती बंद करता येते, चाइल्ड सीटही लावता येते, तरी घाटात माझं सगळं लक्ष तिच्याकडेच जाईल. मला ते नकोय.

वकीलसाहेब

विकणार असाल तर एवढं वाचा. विकणार नसाल तरी वाचून ठेवा.

व्यवहार झाला, पैसे आले, चावी दिली, म्हणजे गाडी गेली असं कायदा मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. उद्या नव्या माणसाकडून अपघात झाला आणि नोंद तुमच्याच नावावर असेल, तर भरपाईच्या दाव्यात तुम्हाला ओढलं जाणार. एवढ्या ताकदीच्या गाडीच्या बाबतीत हा धोका किरकोळ नाही. त्यामुळे मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० दोन्ही भरून घ्या. राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं. आरसी बुकावर नवं नाव चढलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. घेणारा म्हणाला की "नंतर करून घेतो", तर चावी देऊ नका.

आणि एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवली का? एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची आहे. ती नसेल तर आरटीओत काम अडेल.

हिशेबनीस

वकीलसाहेबांना पुरवणी. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, माणसाचा असतो. विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला लावता येतो. ५० टक्क्यांपर्यंत पोचला असेल तर ही रक्कम लहान नाही.

रानवाटा_पुणे

तुम्ही सगळे मिळून तिला विकायलाच लावताय. मधला मार्ग का नाही? कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आपली गाडी घेऊन जाता येईल असे दिवस असतात. वर्षातून एकदा तिकडे न्या. इंजिनही मोकळं होईल, तुम्हीही.

मिस्त्रीभाऊ

रानवाटा, आठ वर्षांच्या टायरवर ट्रॅक? आधी टायर.

रानवाटा_पुणे

टायर बदलूनच म्हणतोय हो भाऊ! तुमच्याकडूनच बदलू.

आडवाटकरी

सगळा धागा आज एका बैठकीत वाचला. मी पन्हाळकन्यांचा पहिला प्रतिसाद दोनदा वाचला आणि मला एक दिसलं, ते लिहितो. चुकत असेन तर सांगा.

तुम्ही लिहिलंय दाजीपूरच्या झाडीबद्दल, पहाटेबद्दल, उघड्या टपाबद्दल. तीनशे अश्वशक्तीबद्दल एक शब्दही नाही. वेगाबद्दल नाही. मला वाटतं तुम्हाला ती पहाट हवी आहे, ती हाताशी नाही म्हणून तुम्ही गाडीबद्दल विचारताय. गाडी विकली तर पहाट कायमची जाईल, ही भीती आहे. पण गाडी ठेवूनही ती गेली काही वर्षं आलेली नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

म्हणून एक करून बघा. विकायचं-ठेवायचं बाजूला ठेवा. टायर बदला, मिस्त्रीभाऊंना दाखवा, आणि हिवाळ्यातले चार-पाच रविवार नवऱ्याला आधीच सांगून स्वतःसाठी राखा. पहाटे निघायचं, नऊच्या आत घरी. रि-पासिंगचा अर्ज मुदत संपण्याच्या आधी साठ दिवसांत करता येतो, म्हणजे जानेवारीपर्यंत वेळ आहे. त्या रविवारी गाडी खरोखर निघाली तर ठेवा. घरी राहूनही चुकल्यासारखं वाटलं नाही, तर उत्तर मिळालं.

शेवंता७२

आडवाटकरी, अगदी मनातलं.

अंजली_ठाणे

नवऱ्याला आधीच सांगून, हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य.

गोंयचो_दर्यावर्दी

आणि आंबोलीवरून खाली उतरून पणजीला या. मासे माझ्याकडून.

आबा_वाईकर

वाईत जेवण आधी ठरलंय.

पन्हाळकन्या

मंडळी, जरा उशिराने लिहितेय.

टायर बदलले. मिस्त्रीभाऊंकडे गाडी नेली होती (त्यांनी सगळं उलगडून दाखवलं, दोन पाइप बदलले, चहा पाजला आणि एअर फिल्टरच्या डब्यातलं उंदराचं घरटंही दाखवलं). नंतर आडवाटकरींनी सांगितलं तसे रविवार राखले.

पहिल्या रविवारी दाजीपूरला गेले. फार छान वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या रविवारी आमच्या रोजच्या गाडीने तिघंही गेलो, कारण लेक म्हणाली मलाही यायचंय. काचा खाली करून गेलो. तिने राधानगरीच्या धरणाचं पाणी पहिल्यांदा बघितलं. त्यानंतरचे रविवारही तिघांचेच झाले. झेड४ निघाली नाही आणि मला ती काढावीशीही वाटली नाही.

तेव्हा विकतेय. पुण्याच्या त्या गृहस्थांशी बोलणं झालं. ते निवृत्त आहेत, मुलं मोठी, गाडीचं सगळं काम करणारा माणूस त्यांच्या घराजवळच आहे. टायर आणि पाइपची बिलं दाखवली, त्यांनी किमतीत घासाघीस केली नाही. रि-पासिंग आपल्या नावावर करून घेणार आहेत. वकीलसाहेब, आरसीवर नाव चढल्याशिवाय चावी नाही, हे त्यांना पहिल्याच फोनवर सांगितलं. त्यांनाही ते आवडलं.

वाईट वाटतंय. पण घेतलेला निर्णय बरोबर आहे असंही वाटतंय.

रानवाटा_पुणे

मला हे पटलेलं नाही, पण तुमच्या आनंदात आनंद. त्या गृहस्थांना सांगा, पुण्यात एक जण रस्त्यात हात करून थांबवेल.

एडिसनचा_बंड्या

चांगल्या घरी गेली. लेक अठरा वर्षांची झाली की दोघींसाठी एखादी साधी, हाताने गिअर टाकायची गाडी बघा. मियाटा तिकडे विकली जात नाही, नाहीतर तीच सुचवली असती.

मी_नवखा

फास्टॅगचं काय करायचं? नव्या मालकाकडे तोच चालतो का?

वकीलसाहेब

चालवू देऊ नका. तो तुमच्या खात्याला आणि तुमच्या नावाला जोडलेला आहे. बँकेला कळवून बंद करा, नवा मालक स्वतःचा घेईल. एचएसआरपीचं उत्तर मात्र पन्हाळकन्यांनी अजून दिलेलं नाही.

पन्हाळकन्या

बसवली, साहेब. गेल्या आठवड्यात. आणि @शेवंता७२, फोटो आज रात्री टाकते, टप उघडा असलेला.